तोंड-शेपटी जुळण्याआधी

बंगळुरात निम्हान्स आणि किदवाई ही रुग्णालयं एकमेकांच्या शेजारी आहेत. मेंदूतल्या गाठीचे पेशंट कर्नाटकभरातून इथे येतात, त्यात बेळगाव-निपाणीकडची मराठी घरंही असतात. ऑपरेशन होतं, सहा आठवड्यांचं रेडिएशन संपतं आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूल पिशवीत घेऊन माणूस राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने घरी परततो. पुढे दर २८ दिवसांत ५ दिवस त्या कॅप्सूल घ्यायच्या. स्कॅन कधी, फिटची गोळी किती वाजता, हे सगळं नीट विचारून घेतलेलं असतं. नागिणीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. नागीण उठली की औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि ते तास दवाखान्यात जात नाहीत, घरीच जातात.

लहानपणी कांजिण्या आल्या असतील, तर त्यांचा विषाणू अंगातून कधीच जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दबून बसतो आणि पुढे कधीतरी नागीण होऊन उठतो. त्याला दाबून धरतात त्या लिम्फोसाइट पेशी, आणि टेमोझोलोमाइड नेमक्या त्याच घटवतं. मेंदूची सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड उरलेल्यांनाही सुस्त करतं. सीबीसीचा कागद आला की घरचे प्लेटलेट बघतात, एकूण पांढऱ्या पेशी बघतात आणि लिम्फोसाइटच्या ओळीवरून पुढे सरकतात. त्या ओळीवर बोट ठेवून डॉक्टरांना विचारावं. ‘इन्फेक्शनची गोळी चालू आहे की’ हे उत्तर पुरेसं नाही. रेडिएशनच्या काळात को-ट्रायमोक्साझोल देतात ते एका विशिष्ट न्यूमोनियासाठी. या विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही.

खरी फसगत होते ती दुखण्याने. पुरळ नंतर येतं. दोन-चार दिवस आधी कातडीची आग होते, बनियनचा काठ लागला तरी सहन होत नाही, आणि हे सगळं अंगाच्या एकाच बाजूला. गाठीच्या पेशंटचं कपाळ एका बाजूने ठणकू लागलं की घरचे म्हणतात, गाठच वाढली असेल; मग सगळे पुढच्या एमआरआयची वाट बघत बसतात. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर डोळ्याला धोका आहे. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. मेडिकलवाल्याने दिलेलं मलम इथे कामाचं नाही. ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर पोटात जावं लागतं, पसरलेली नागीण असेल तर शिरेतून, आणि डोस किडनी पाहून ठरतो. ७२ तास उलटून गेले म्हणून गप्प बसायचं नाही, अशा पेशंटला औषध उशिराही देतात. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मंत्राने नागीण उतरते, हे आपल्याकडे म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘सर्पसुत्तु’ म्हणणारेही म्हणतात. उतरते हे खोटं नाही. धडधाकट माणसाची नागीण दोन ते चार आठवड्यांत आपसूक सुकते, आणि श्रेय मंत्राला नि वर लावलेल्या गेरूला जातं. केमोतल्या माणसाला हा हिशोब लागू नाही. नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो, ही समजूतही मला निव्वळ हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. एरवी फोडांचा पट्टा अंगाच्या मध्यरेषेवर थांबतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसात फोड पट्टा सोडून अंगभर उठू शकतात, आणि तेव्हा धोका खरोखरच मोठा असतो.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या रोगापुढे नागिणीचं काय घेऊन बसलात? टेमोझोलोमाइडला ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या गाठीच्या उपचारात जागा मिळवून देणारी २००५ची चाचणी पाहा: रेडिएशनबरोबर हे औषध दिल्यावर मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६वर गेलं. म्हणजे सगळी लढाई अडीच महिन्यांची. त्यात केमोचा एक फेरा पुढे ढकलला जाणं किंवा फोड सुकल्यावरही महिनोन्महिने ठसठसणारी नस मागे राहणं, याला किरकोळ कसं म्हणायचं? नागिणीच्या लशीचा प्रश्नही त्यामुळेच विचारण्याजोगा आहे. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्यामुळे लशीनेच नागीण होईल ही भीती नको. ती महाग आहे, दोन डोस लागतात, आणि स्टेरॉइड चालू असताना प्रतिसाद कमी मिळू शकतो, हे तिन्ही आक्षेप खरे. म्हणून जमल्यास केमोआधी घ्यावी. पण तिच्यासाठी गाठीचे उपचार एक दिवसही थांबवू नयेत. ती केव्हा द्यायची, द्यायची की नाही, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

घरात नागीण असली म्हणून ताट-वाटी वेगळी करण्याचं कारण नाही. फोडांतल्या पाण्यातून समोरच्याला नागीण होत नाही; ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्यांची लसही मिळालेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा खपल्या धरेपर्यंत फोड कपड्याने झाकावेत, आणि तान्हं बाळ, गरोदर सून व वॉर्डातले केमोचे इतर पेशंट यांच्यापासून पेशंटने लांब राहावं. पुढच्या तपासणीला जाण्याआधी फोन करून तसं कळवावं, म्हणजे बाकीच्या पेशंटांमध्ये बाकावर बसवून ठेवणार नाहीत.