प्रशिक्षणार्थी आणि सभासद

प्रश्न : पदवीनंतर सनदी लेखापालांच्या संस्थेच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाल्यास सभासदत्व मिळते का?

उत्तर : मिळत नाही. १९४९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया’मध्ये परीक्षा, नोंदणी आणि शिस्तपालन यांचे प्रशासन सांभाळणारा कर्मचारीवर्ग व प्रत्यक्ष व्यवसाय करणारे सभासद हे वेगळे घटक असून, सभासदत्वासाठी परीक्षांबरोबरच आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालील विहित प्रशिक्षण, पूर्ण करावे लागते. शिवाय नेमणूक १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील असल्यास कलम १८ नुसार उमेदवार कामगार ठरत नाही. म्हणून नियुक्तिपत्रात शिकाऊ उमेदवारी नमूद आहे की परिवीक्षा, म्हणजे कायम होण्यापूर्वीचा चाचणीकाळ, हे रुजू होण्यापूर्वीच तपासणे हिताचे ठरते.