रोख साहाय्य आणि खेड्यातील गरीब कुटुंब

धर्मादाय कार्य करणाऱ्या मंडळींपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. गरजू कुटुंबास धान्य, कापड, वह्या-पुस्तके द्यावीत, की रोख पैसे हाती ठेवावेत? बहुतेकांचा कौल वस्तूंच्या बाजूने पडतो. ‘पैसा दिला तर तो दारूत जाईल’ आणि ‘फुकटचे मिळू लागले की माणूस आळशी होतो’, अशी दोन कारणे त्यासाठी सांगण्यात येतात. ही कारणे अनुभवाच्या कसोटीस कितपत उतरतात, हे पाहण्यासाठी आपणा इंदूरकरांना दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांत याची पद्धतशीर परीक्षा होऊन गेली आहे.

२०११ साली ‘सेवा’ या स्वयंरोजगारी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या आर्थिक मदतीने हा प्रयोग हाती घेतला. आठ गावांतील सर्व रहिवाशांना सुमारे दीड वर्ष दरमहा रोख रक्कम देण्यात आली. आरंभी प्रौढास २०० रुपये व मुलास १०० रुपये असा दर होता. एका वर्षानंतर तो अनुक्रमे ३०० व १५० करण्यात आला. एका आदिवासी गावात असाच प्रयोग वर्षभर स्वतंत्रपणे झाला. एकंदर सुमारे सहा हजार माणसांना ही रक्कम मिळाली. तुलनेसाठी रक्कम न मिळालेल्या गावांचीही पाहणी करण्यात आली.

या योजनेतील तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, पैसा कशावर खर्च करावा याची कोणतीही अट नव्हती. दुसरी, रेशन किंवा अन्य सवलती काढून घेऊन ही रक्कम दिलेली नव्हती. तिसरी, रक्कम कुटुंबप्रमुखाच्या हाती न देता प्रत्येक प्रौढास त्याच्या स्वतःच्या नावे मिळे आणि मुलांचा वाटा आईकडे जाई.

याचा हिशेब मांडून पाहू. नवरा, बायको व तीन मुले असे कुटुंब घेतले, तर आरंभी त्यास महिना ७०० रुपये मिळत. त्यांपैकी ५०० रुपये, म्हणजे स्वतःचे २०० व मुलांचे ३००, आईच्या हाती येत. जिला मिठामिरचीपुरतेही पैसे मागून घ्यावे लागत, तिच्या हाती दरमहा हक्काची रक्कम येऊ लागली.

रक्कम लहानच होती. मग तिचा परिणाम मोठा का व्हावा? याचे उत्तर गरिबीच्या स्वरूपात आहे. खेड्यातील गरीब कुटुंबाचे उत्पन्न कमी असते एवढेच नव्हे, तर ते अवेळी येते. माळव्यात सोयाबीनचे बी पावसाच्या तोंडावर घ्यावे लागते. पीक हाती येते ते दसऱ्याच्या सुमारास. मधल्या काळात ताप, लग्न, शाळेची फी, काहीही उद्भवले की सावकाराचे दार गाठावे लागते. समजा, २००० रुपये दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने घेतले, तर वर्षाला १२०० रुपये व्याजातच जातात व मुद्दल तसेच राहते. कित्येकदा मोठ्या शेतकऱ्याकडून मजुरीची उचल घ्यावी लागते. मग ऐन पेरणीत स्वतःचे शेत टाकून दुसऱ्याच्या शेतावर राबणे आले. अशा घरी ब्लँकेट नेऊन दिले तर थंडी भागेल, परंतु उचल फिटणार नाही. कोणती नड आज भागवावयाची, हे त्या घरालाच ठाऊक असते आणि प्रत्येक नडीस चालणारी वस्तू म्हणजे रोकडच.

आता परिणाम पाहू. रोख मिळालेल्या गावांत डाळी, भाजीपाला, अंडी, मासळी यांवरील खर्च वाढला. लहान मुलांचे वजन सुधारले आणि ही सुधारणा मुलींमध्ये अधिक दिसली. औषधोपचार अधिक नियमाने होऊ लागले. शाळेतील हजेरी वाढली. कर्जाचा बोजा कमी होऊन बचतीस आरंभ झाला. कोणी बी-खते घेतली, कोणी शेळी घेतली, कोणी शिवणाचे यंत्र घेतले.

दारूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. आळसाची भीतीही फोल ठरली. लोकांचे काम उलट वाढले. दुसऱ्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतीत व छोट्या धंद्यात श्रम करण्याकडे कल झाला. ज्याच्यापाशी बी घेण्याइतके पैसे नव्हते, त्याला आपण आजवर आळशी समजत होतो काय, हा प्रश्न प्रत्येक दात्याने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

तथापि रोकड म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. गावात वैद्यच नसेल, तर पैसे असूनही उपचार होत नाहीत; शाळेत शिक्षक नसेल, तर फी भरून काय उपयोग? महागाई वाढली की ठरावीक रकमेचे मोल घटते. शिधा मात्र तितकाच राहतो. शिवाय या प्रयोगाची मुदत अल्प होती. रोकड ही शाळा, दवाखाना व शिधा यांच्या जोडीला हवी.

रक्कम एकदम द्यावी की दरमहा, यावरही विचार झालेला आहे. पश्चिम केनियातील खेड्यांत गरीब कुटुंबांना दिलेल्या रोख मदतीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दरमहा रक्कम मिळालेल्या घरांत अन्नाची चिंता अधिक कमी झाली, तर एकरकमी रक्कम टिकाऊ वस्तूंकडे अधिक वळली, असे त्यात दिसले. तेथेही दारू-तंबाखूवरील खर्च वाढला नव्हता.

मध्य प्रदेशात २०२३ साली स्त्रियांना दरमहा रोख रक्कम देणारी सरकारी योजना सुरू झाली. पुढील वर्षी महाराष्ट्रातही झाली. मग आपल्यासारख्या संस्थांना काय उरले? पुष्कळ उरले. ज्या विधवेची कागदपत्रे अपुरी आहेत, ज्या म्हाताऱ्याचे बँकेत खाते नाही, त्याच्यापर्यंत सरकारची रक्कम पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्याने जावे, कागद पुरे करून द्यावेत आणि तोवर संस्थेने आधार द्यावा. आपण एखाद्या घरास वर्षातून एकदा, समारंभात, ६००० रुपयांच्या वस्तू देत असू, तर त्याऐवजी दरमहा ५०० रुपये, ठरल्या तारखेस, घरातील स्त्रीच्या हाती, फोटो न काढता देऊन पाहावेत. खर्च तेवढाच येईल. परंतु पुढच्या महिन्यात किती येणार हे त्या घरास आधी ठाऊक असेल, आणि सावकाराचे दार तेवढ्यापुरते तरी टळेल.