टोपीखालची हवा

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे इरई जलाशयाकाठचे गाव. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार येथे आहे. उन्हाळ्यात या दाराशी उभे राहिले, तर वाघाआधी टोप्याच दृष्टीस पडतात. कुणाच्या डोक्यावर पुढे झापड असलेली टोपी, कुणाच्या रुंद काठाची फेल्टची हॅट, गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी, तर मजुरांच्या डोक्याला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा. काही जण तर टोपीचे खरेखुरे शौकीन असतात. आजोबांची हॅट ब्रश मारून रोज वापरणारे, कारागिराकडून मापाने टोपी करवून घेणारे, दुसऱ्याची टोपी हातात घेऊन तिचा काठ आणि अस्तर न्याहाळणारे.

हौस चांगलीच. पण मे महिन्यात येथे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. तेव्हा टोपी दिसते कशी, यापेक्षा ती करते काय, हे कळणे महत्त्वाचे. म्हणून आज टोपीच्या आत डोकावून पाहू या.

डोक्यावर किती ऊन पडते?

मोहर्लीचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. त्यामुळे २० मेच्या आसपास दुपारी सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो आणि सरळ रोवलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. निरभ्र आकाशात अशा वेळी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट इतके प्रारण पडते.

आता थोडे गणित करू. डोके वरून लंबवर्तुळासारखे दिसते. त्याची लांबी १९ सेंमी आणि रुंदी १५ सेंमी धरली, तर क्षेत्रफळ सुमारे २२४ चौ. सेंमी येते. म्हणजे डोक्यावर सुमारे २२ वॉट ऊन पडते. हे सगळे शोषले गेले असे मानू. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता नेतो. म्हणून एवढी उष्णता घालवायला तासाला सुमारे ३३ ग्रॅम घाम खर्च करावा लागेल. सहा तासांत झाला एक पेलाभर! टोपी हे पाणी वाचवते.

टोपीला सगळीकडून ७ सेंमी रुंद काठ असेल, तर सावलीचे क्षेत्रफळ सुमारे ७५० चौ. सेंमी होते, म्हणजे तिपटीहून अधिक. या सावलीत कान, मान आणि नाक येतात. नुसत्या झापडीची टोपी कपाळ आणि डोळे झाकते, मान मात्र भाजते. पांढऱ्या टोपीला काठ नसतो, पण तिचा रंग पुष्कळसा प्रकाश परतवून लावतो. असहकार चळवळीच्या काळात, १९२० नंतर, ती देशभर पसरली. हलकी, घडी करून खिशात मावणारी आणि रोज धुता येणारी, हे तिचे गुण आजही कमी झालेले नाहीत.

हवा हेच अस्तर

इंग्रजी अमलातील साहेबाची सोला टोपी जुन्या छायाचित्रांत तुम्ही पाहिली असेल. शौकिनांना ती आजही हवीहवीशी वाटते. ती दिसते जड, पण हातात घेतली तर आश्चर्य वाटावे इतकी हलकी! बंगालच्या दलदलीत वाढणाऱ्या सोला नावाच्या वनस्पतीच्या भेंडापासून ती करीत. या भेंडात हवेने भरलेल्या असंख्य पेशी असतात आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. शिवाय डोक्याभोवतीची पट्टी आणि टोपीचे कवच यांच्यामध्ये फट ठेवलेली असे आणि माथ्यावर भोक असे. तापलेली हवा वरून निघून जाई. फेट्यातही हेच तत्त्व आहे. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते.

टोपी उत्तम होती, पण तिच्यामागची समजूत चुकीची होती. सूर्याचे काही किरण कवटीतून थेट मेंदूत शिरतात आणि त्यामुळे उष्माघात होतो, असे तेव्हा अनेकांना वाटे. खरे कारण वेगळे आहे. बाहेरून येणारी आणि शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर टाकता आली नाही, की सबंध शरीराचे तापमान ३७ अंशांवरून चढत ४० च्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. म्हणूनच टोपी घातलेल्या माणसालाही उष्माघात होऊ शकतो. टोपी ऊन अडवते, पण ४५ अंशांची हवा अडवत नाही. त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. त्याहून तापलेला वारा अंगाला उलट उष्णताच देतो. तेव्हा तारणारी गोष्ट एकच, बाष्पीभवन.

ओला दुपट्टा

येथे मजुराचा साधा दुपट्टा महागड्या हॅटला मागे टाकतो. तो ओला करून डोक्याला बांधला, की पाणी वाळताना लागणारी सुप्त उष्णता कापडातून आणि डोक्यातून घेतली जाते. अंगाचा घाम वाचतो. विदर्भातील मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे ही युक्ती छान चालते. जुलैच्या दमट हवेत मात्र तिचा उपयोग फार थोडा.

पण जंगलाचा आणखी एक नियम आहे. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करणारे लोक पहाटेच निघतात. कानांवरून कापडाचे थर गुंडाळले, की आवाज मंदावतात, त्यातही चितळाच्या इशाऱ्यासारखे तीव्र स्वराचे आवाज अधिक. वाघाच्या रानात हा इशारा ऐकू येणे मोलाचे. पहाटेचे ऊन कोवळे असते. तेव्हा कान मोकळे ठेवावेत आणि ऊन चढून झळा लागू लागल्या, की उघड्यावर येऊन कान झाकावेत.

जुन्या हॅटविषयी सावधगिरी

फेल्ट विणलेले नसते. ससा किंवा बीव्हर यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब यांमुळे ते एकमेकांत गुंततात. हे काम सोपे व्हावे म्हणून पूर्वी केसांना पाऱ्याच्या नायट्रेटचा हात देत. त्याच्या वाफेने कारागिरांचे हात थरथरू लागत आणि मनावरही परिणाम होई. अमेरिकेत ही पद्धत १९४१ च्या अखेरीस बंद झाली. त्यापूर्वीच्या हॅटमध्ये पारा शिल्लक असू शकतो. अशी हॅट पाहावी, जपावी, पण रोज डोक्यावर घालू नये. तिच्यावर वाफही देऊ नये.

करून पाहा

धातूचे चार सारखे लोटे घ्या. त्यांत सारखेच पाणी भरा आणि ते उन्हात ठेवा. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्यावर टोपी घट्ट बसवा. तिसऱ्यावर तशीच टोपी दोन काड्यांवर टेकवून ठेवा, म्हणजे मध्ये फट राहील. चौथ्याला ओले फडके गुंडाळा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढा. हाच प्रयोग जुलैत पुन्हा करा आणि चौथ्या लोट्याचे दोन्ही आलेख शेजारी ठेवा. फरक कशामुळे पडला, ते वर्गात सांगा.

प्रयोग करताना स्वतः सावलीत बसा. उन्हात कुणी भोवळ येऊन पडले किंवा असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अशा वेळी डोक्यावरची टोपी काढून तिनेच वारा घालायला हरकत नाही!