बॅकअप रेंगाळतोय? आधी केबल बघ

अगं, बॅकअप रात्रभर चालतो म्हणून तू तो महिन्यातून एकदाच लावतेस, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. वाट बघणं एक वेळ चालेल, पण कंटाळून बॅकअप घेणंच सोडून देणं चालायचं नाही. सिल्व्हासात आणि खानवेलकडच्या पाड्यांवर तू जे टिपतेस, ते पुन्हा कोण टिपणार? तारपा वाजवणारे म्हातारे हात, कोकणा लोकांच्या भावाडा नाचातले मुखवटे, २ ऑगस्टच्या दादरा-नगर हवेली मुक्तिदिनाचे फोटो... लग्नाचं शूटिंग गेलं तर गिऱ्हाईक रागावेल, पण हे गेलं तर कायमचं गेलं.

म्हणून आधी वेग कुठे अडतोय ते शोधू. नवा ड्राइव्ह घ्यायची घाई करू नकोस.

ड्राइव्हच्या मागची खाच नीट बघ. पुष्कळ पोर्टेबल ड्राइव्हना रुंद, दोन भागांची खाच असते. तिच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइल चार्जरची केबलसुद्धा बसते, ड्राइव्ह चालूही होतो आणि काही चुकतंय असं वाटतच नाही. पण त्या केबलने तो यूएसबी २ च्या चालीने चालतो, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. सोबत आलेली रुंद केबल लावलीस आणि ती यूएसबी ३ च्या पोर्टात खुपसलीस, तर साधा फिरत्या तबकडीचा ड्राइव्हसुद्धा १०० च्या पुढे जातो. ५०० जीबीचा हिशोब करून बघ: ३५ च्या वेगाने चार तास, ११० ने सव्वा तास. बऱ्याच लॅपटॉपवर तो पोर्ट आतून निळा असतो, नाहीतर शेजारी 'एसएस' लिहिलेलं असतं. सी-टाइप केबल आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. फोनबरोबर येणाऱ्या कितीतरी सी केबल चार्जिंगपुरत्याच, आतून यूएसबी २ च असतात. आणि माउस, कार्ड रीडर, पेनड्राइव्ह सगळं एकाच हबवर लावलं असशील, तर बॅकअपच्या वेळी ड्राइव्ह थेट लॅपटॉपला जोड.

केबल बदलूनही वेग मधेच कोसळत असेल तर फाइली बघ. एक मोठा व्हिडिओ सरसर जातो, पण तेवढ्याच वजनाच्या हजारो बारीक फाइली जीव खातात, कारण प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते आणि ड्राइव्हचं डोकं दर वेळी इकडून तिकडे धावतं. फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचं प्रीव्ह्यूचं फोल्डर असल्याच किडुकमिडुक फाइलींनी भरलेलं असतं. ते पुन्हा तयार होऊ शकतं, तेव्हा बॅकअपमधून काढून टाक. त्याच सॉफ्टवेअरचा कॅटलॉग मात्र सोडू नकोस, तुझी सगळी मेहनत त्यात आहे.

आणि दर वेळी सगळं फोल्डर ओढून टाकणं आता बंद कर. विंडोजमधली फाइल हिस्टरी किंवा रोबोकॉपी फक्त नवं आणि बदललेलं उचलते. पहिली खेप लांबेल, पुढची रोजची खेप चहा होईस्तोवर उरकेल. मला विचारशील तर बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एक उपाय मोठा.

सुरुवातीला झपाझप आणि काही जीबी गेल्यावर अगदी मुंगीच्या पावलांनी, असं होत असेल तर ड्राइव्ह एसएमआर जातीचा असण्याची शक्यता आहे. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. यात तुझं काही चुकत नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिघांनाही मान्य करावं लागलं होतं की, काही मॉडेलांत हे तंत्र ग्राहकाला न सांगता वापरलं होतं. अशा ड्राइव्हवर थोडं थोडं लिही, मधे विसावा दे. पुढचा घेताना मॉडेल नंबरवरून तो सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेला, आहे का, हे कंपनीच्या यादीत बघून मगच पैसे दे.

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या पॉलिसीत 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं तर लिहिण्याचा वेग थोडा वाढतो. पण मग 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय केबल उपटायची नाही, आणि घाईघाईत कामाला पळणाऱ्या तुझ्यासारखीला मी ते सुचवणार नाही. तुमच्याकडच्या पावसात वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी तुला तारेल, म्हणून बॅकअप ती पूर्ण चार्ज झाल्यावरच लाव.

एक गोष्ट मात्र आजच कर. कालपर्यंत नीट चालणारा ड्राइव्ह अचानक मंदावला असेल, टकटक आवाज येत असेल, तर वेग वाढवायच्या खटपटीत पडू नकोस, डीफ्रॅग तर मुळीच करू नकोस. आधी तारप्याचे आणि भावाड्याचे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर उतरव. मग ड्राइव्हची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून बघ. पिवळं 'कॉशन' दिसलं तर त्या ड्राइव्हवर पुन्हा काही ठेवू नकोस, आणि दुसरी प्रत माझ्याकडे पाठवून दे. माझ्या कपाटात जागा आहे.