आधी ऊन अडव, मग पंखा लाव

बाळा, नगरला प्लॉट घेतलास, आता पाया आखायची घाई चालली असेल. नकाशावर सही करण्याआधी माझ्या चार गोष्टी कानात ठेव. घर गार ठेवायचं काम यंत्रावर सोडलं, तर बिल जन्मभर भरावं लागतं. तेच काम भिंती आणि छताकडून करून घेतलं, तर खर्च एकदाच होतो.

आपली हवा ओळख. आपला मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा. दुपार भाजून काढते, पण उन्हाळ्यातही पहाटे गारवा उतरतो. म्हणून जुन्या माणसांनी जाडजूड भिंती रचल्या, वर पांढऱ्या मातीचं माळवद घातलं. दिवसाची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात, माळवदावर अंथरुणं टाकायची. तिकडं अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस मोठा, तिथं उतरतं कौलारू छप्परच खरं. दुसऱ्या हवेतला नकाशा उचलून आपल्या प्लॉटवर ठेवू नकोस.

सूर्याचं गणित मांड. नगर 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरचं तिरपं ऊन त्याच छज्ज्याखालून आत येऊन घर उबदार करतं. पश्चिमेला मात्र छज्जा हरतो, कारण चारनंतरचं ऊन आडवं येतं. त्या बाजूला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली घे, खिडक्या लहान ठेव आणि बाहेर कडुनिंब लाव. निजायची खोली पश्चिमेला नको.

छतावर पैसा घाल. उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा मारा स्लॅबवर पडतो, आणि तापलेला स्लॅब रात्रभर धग खाली सोडत राहतो. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घाल आणि वर पांढरा चायना मोझॅक लाव. ते झेपत नसेल, तर दर वर्षी होळीच्या सुमारास गच्चीला चुन्याचा पांढरा हात दे. इतकं स्वस्त काम दुसरं नाही.

भिंत विचार करून बांध. जुन्या वाड्याचा काळा दगड निघाला असेल तर विकू नकोस, पश्चिमेच्या भिंतीला वापर. विटा भाजायला आणि सिमेंट करायला मुळातच पुष्कळ इंधन जळतं. जाणता गवंडी मिळाला, तर विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणारी रॅट-ट्रॅप पद्धतीची भिंत घे. विटा पाव हिश्श्यानं वाचतात आणि आतली हवा उष्णता अडवते.

रात्री उघड, दिवसा मीट. खिडक्या समोरासमोर ठेव, आणि गरम हवा वरून निघून जावी म्हणून छताजवळ झरोके सोड. जाळ्या बसव, म्हणजे रात्री बिनघोर उघडं ठेवता येईल. सकाळी नऊच्या सुमारास सगळं मिटून पडदे ओढ. निजामशाहीतला आपला फराहबक्ष महाल पाहून ये. भोवती पाणी आणि मधोमध उंच घुमटाचं दालन: त्या काळी गारव्यासाठी एवढी योजना केली होती.

यंत्र शेवटी. साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा 30-35. दिवसाला दहा तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 12 युनिट वाचतात. एसी घेतलाच, तर 24 अंशांवर ठेव. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

ऊन कामाला लाव. शिर्डीच्या प्रसादालयावर 2009 साली 73 सौर तबकड्या बसवल्या, त्यांच्या वाफेवर भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. तुझ्या गच्चीवर अंघोळीच्या पाण्याचा सौर बंब तरी हवाच. वीज करणारी पॅनेलं मात्र सगळ्यात शेवटी घे. आधी गरज कमी केलीस, तर तीनऐवजी दोन किलोवॅटमध्ये भागेल. 2024 पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60 हजारांचं अनुदान आहे, त्याचीही चौकशी कर.

सूनबाईंनाही हे वाचून दाखव, घरात दिवसभर कोण असतं त्याचाही विचार करा. आणि पाया आखण्याआधी एकदा दुपारी चार वाजता दोघं प्लॉटवर उभे राहा, ऊन कुठून येतं ते अंगावर घ्या, मगच आर्किटेक्टकडं जा.