परक्या पिलांची आई

आईची माया पोटच्या लेंकरावरच असते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु खेड्यांतील अंगणांत थोडा वेळ उभें राहिल्यास या समजास बाध आणणारें उदाहरण सहज दृष्टीस पडतें. खुडूक बसलेल्या कोंबडीखालीं घरची कारभारीण दुसऱ्या कोंबड्यांचीं, इतकेंच काय, बदकाचींही अंडीं ठेविते. आणि ती कोंबडी तीं सर्व सारख्याच निष्ठेनें उबविते. ही माया कोठून उत्पन्न होते व ती कोठपर्यंत पुरते, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

प्रथम खुडूक बसणें म्हणजे काय तें पाहूं. कांहीं दिवस अंडीं घातल्यावर कोंबडीची वृत्ति पालटते. ती अंडीं घालणें थांबविते, पिसें फुलवून एकाच जागीं बसून राहते, हात लावूं पाहणारास टोंच मारिते, आणि दाणापाण्यापुरतीच काय ती उठते. मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींतून प्रोलॅक्टिन नांवाचा द्रव रक्तांत अधिक प्रमाणांत मिसळूं लागतो, त्याचा हा परिणाम होय. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं १९३५ सालीं असें दाखविलें कीं, हा द्रव टोंचला असतां अंडीं घालीत असलेली कोंबडीही खुडूक बसूं शकते. या अवस्थेंत पोटाखालचें अंडें कोणाचें, हा प्रश्न तिला पडतच नाहीं. कोंबडीचें अंडें २१ दिवसांनीं फुटतें, बदकाचें सुमारें २८ दिवसांनीं. तरी बदकाच्या अंड्यांवर बसविलेली कोंबडी पुढचे सात दिवसही बहुधा आसन सोडीत नाहीं.

अंडें फुटण्याच्या सुमारास दुसरा बंध जडतो, तो आवाजाचा. पिलूं कवचाच्या आंतूनच चिवचिव करूं लागतें, आणि आई हलक्या स्वरानें त्यास उत्तर देते. या आवाजाचें सामर्थ्य किती, हें युक्सक्यूल या शास्त्रज्ञानें १९३४ सालच्या आपल्या पुस्तकांत वर्णिलेल्या एका प्रयोगावरून कळतें. एका पिलाचा पाय बांधून तें आडोशामागें ठेविलें. तें ओरडूं लागतांच, दिसत नसतांही, कोंबडी पिसें फुलवून तिकडे धांवली. मग तेंच पिलूं कांचेच्या झांकणाखालीं तिच्या डोळ्यांसमोर ठेविलें. तें तडफडत होतें, पण आवाज बाहेर येत नव्हता. तेव्हां कोंबडीनें त्याची दखलही घेतली नाहीं!

याहून विलक्षण गोष्ट टर्की या कोंबडीच्याच कुळांतील पक्ष्याची आहे. श्लाइट या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह १९६० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, बहिऱ्या केलेल्या टर्कीच्या माद्यांनीं स्वतःच उबविलेलीं पिलें टोंचून मारिलीं. त्यांना पिलांची हाक ऐकूं आली नाहीं, म्हणून घरट्यांत शिरलेला तो जीव त्यांना शत्रु वाटला. जिला ऐकूं येतें ती परक्याची आई होते, आणि जिला ऐकूं येत नाहीं ती स्वतःच्या पिलांची वैरीण ठरते.

परंतु कोंबडीच्या मायेसही मर्यादा आहे. पिलें निघाल्यावर कांहीं दिवसांतच ती त्यांना ओळखूं लागते, आणि मग निराळ्या रंगाचें नवें पिलूं आलें तर त्यास टोंचून हांकून देते. म्हणून जाणती कारभारीण अगदीं कोवळीं पिलें निवडते, आणि रात्रीच्या अंधारांत तीं हळूच कोंबडीच्या पंखांखालीं सरकविते. पिलाच्या बाजूनेंही वेळ साधावी लागते. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकानें १८७३ सालीं असें नमूद केलें कीं, आठदहा दिवसांपर्यंत ज्या पिलाच्या कानीं आईची हाक पडली नाहीं, त्याला ती पुढें ऐकूं येऊनही न ऐकल्यासारखीच होते.

माया एकदां जडली म्हणजे मात्र ती कच्ची नसते. बदकाचीं पिलें पाणी दिसतांच त्यांत उतरतात, आणि बिचारी कोंबडी कांठावर येरझारा घालीत त्यांना परत बोलाविते. वर घार दिसली कीं, हींच पिलें ती पंखांखालीं घेते. कोवळ्या पिलास स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. ते पंख नसतील तर थंडीच्या एका रात्रींत तें दगावेल.

वाचकहो, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायांत यरुशलेमेविषयीं शोक करितांना प्रभु येशूनें पिलें पंखांखालीं गोळा करणाऱ्या कोंबडीचाच दृष्टांत घेतला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून शेंकडों निराश्रित मुली व विधवा आणिल्या आणि केडगांव येथें त्यांना घर दिलें. त्या कोणाच्या, हें न विचारतां त्यांनीं त्यांची हाक ऐकिली.

हा धडा आपल्या वसतिगृहापासून फार दूर नाहीं. दरवर्षीं जूनमध्यें नवे विद्यार्थी येतात. त्यांची बोली निराळी, कपडे निराळे. रात्रीं पांघरुणांत तोंड खुपसून त्यांतील एखादा रडतो. आपण जुने विद्यार्थी त्यास काय देतों, टोंच कीं पंख? कोंबडीची माया तिच्या रक्तांतील एका द्रवाच्या स्वाधीन आहे. तो ओसरला कीं दीड-दोन महिन्यांनीं ती स्वतःच्या पिलांसही दूर सारते. मनुष्यास मात्र कान उघडे ठेवण्याची मुभा बाराही महिने आहे. तो रडका मुलगा कायमचा मुका होण्यापूर्वीं, पहिल्या आठवड्यांतच, त्याच्याशीं दोन शब्द बोलावे, हें प्रत्येकास साधण्यासारखें आहे.