जातानाही टोल, येतानाही टोल

कॉन्ट्रॅक्टवर साडेचारशे पौंड रोज म्हटलं की आपला माणूस मनातल्या मनात वर्षाच्या दोनशे साठ दिवसांनी गुणून मोकळा होतो. एक लाख सतरा हजार! घरी पुण्याला फोन करायचा असेल तर त्याचे रुपयेही करून होतात. मी रेडिंगला राहते, बँकांमध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्टचं काम करते. पर्मनंट, स्वतःची लिमिटेड कंपनी, अम्ब्रेला (कॉन्ट्रॅक्टरला आपल्या पगारपत्रकावर घेणारी मधली कंपनी) आणि पुन्हा पर्मनंट, असं चारी घाटांचं पाणी पिऊन झालंय. नवीन मंडळी विचारतात, पर्मनंट नोकरी चांगली की कॉन्ट्रॅक्टिंग? दोन्ही चांगली. पैसे जातात ते इकडून तिकडे जाताना आणि परत येताना.

लिमिटेडचे दिवस सुखाचे होते. पगार थोडा, बाकी डिव्हिडंड, वर्षातून एकदा अकाउंटंटची फी. डोक्यावर आयआर-35 होतंच. तुम्ही नावाला कंपनी पण वागणूक नोकराची असेल, तर कर नोकरासारखाच भरा, असा हा एप्रिल 2000 पासूनचा नियम. पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे आपणच ठरवायचो. सरकारी कामांसाठी ते एप्रिल 2017 मध्ये बदललं. खाजगी क्षेत्रात कोविडमुळे वर्षभर लांबून एप्रिल 2021 मध्ये. आता मध्यम आणि मोठ्या कंपन्यांत क्लायंटच ठरवतो, तुम्ही या नियमाच्या इनसाइड (म्हणजे नोकरासारखा कर) की आउटसाइड. मी तेव्हा ज्या बँकेत होते तिथे आम्हा सगळ्या कॉन्ट्रॅक्टर्सना एकच ईमेल आली: यापुढे लिमिटेड कंपनी चालणार नाही, अम्ब्रेलातून या, नाहीतर पर्मनंट व्हा. प्रत्येकाचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं, काम वेगळं, पण कागद उघडून बघायला कोणाला वेळ होता! उद्या करखात्यानं, म्हणजे एचएमआरसीनं, दंड लावला तर काय, या भीतीनं सरसकट सगळे इनसाइड.

अम्ब्रेलाची पहिली पेस्लिप हातात आली की वरच्या आकड्यावर थांबू नका, ओळ न ओळ वाचा. 2025-26 च्या दरानं बघू. 450 रोज म्हणजे आठवड्याचे 2,250. त्यातून अम्ब्रेलाचे वीसेक पौंड, मालकाचा 15 टक्के नॅशनल इन्शुरन्स आणि अर्धा टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही आधीच बाजूला होतात. मालकाच्या वाट्याचे हे पैसे तुमच्याच रेटमधून जातात. उरतात जेमतेम 1,943, म्हणजे रोजचे 389. तुमचा स्वतःचा कर अजून सुरूही झालेला नाही! सुट्टीचे पैसेही याच आकड्यात धरलेले. पर्मनंट माणसाला बँक हॉलिडे धरून वर्षाला किमान 28 दिवस पगारी रजा कायद्यानं मिळते. तेव्हा दोनशे साठचा गुणाकार विसरा, सव्वादोनशेनं गुणा. आणि दोन कॉन्ट्रॅक्टांमध्ये महिनाभर बसावं लागलं तर त्याहून कमी. ‘हातात 85 टक्के’ म्हणणारी अम्ब्रेला भेटली तर नमस्कार करून निघा. पगाराला कर्ज म्हणून दाखवणाऱ्या अशाच योजनांत अडकलेल्यांवर पुढे लोन चार्ज नावाचा कर बसला आणि कित्येकांची घरं हलली.

लिमिटेडमधून परत पर्मनंट व्हायचं म्हणजे सुटका, असं वाटतं. इथे जानेवारी वाट बघत असतो. समजा 2025-26 मध्ये 12,570 पगार आणि 50,000 डिव्हिडंड घेतला. त्यावरचा कर 7,406 पौंड, भरायची मुदत 31 जानेवारी 2027. कॉन्ट्रॅक्टिंगचं पहिलंच वर्ष असेल तर त्याच दिवशी पुढच्या वर्षाचा हप्ता म्हणून याच्या निम्मी रक्कमही आगाऊ मागतात. झाले 11,109. तोवर तुम्ही नोकरीत असाल तर महिन्याच्या पगारातून हे निघत नाही. डिव्हिडंड घेतला त्याच दिवशी कराचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पुढचं उत्पन्न नोकरीचंच असेल तर आगाऊ हप्ता कमी करून घ्यायचा अर्ज करायचा. अर्ज सोपा आहे, पण आपणहून कोणी आठवण करून देत नाही.

कंपनीत पैसे साठले असतील आणि कायमचं पर्मनंट व्हायचं ठरलं, तर लोक रीतसर लिक्विडेशन करतात, कारण ते पैसे डिव्हिडंडऐवजी भांडवली नफा धरले जातात आणि कर कमी बसतो. पण 2016 पासूनचा एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. लिक्विडेशनचे पैसे हातात आल्यापासून दोन वर्षांच्या आत तसाच धंदा पुन्हा सुरू केलात आणि कर वाचवणं हा त्यातला एक मुख्य हेतू दिसला, तर तीच रक्कम डिव्हिडंड समजून कर लावता येतो. नोकरी जमली नाही तर परत कॉन्ट्रॅक्टिंग, असं मनात असेल तर कंपनी बंद करायची घाई करू नका. नुसती झोपवून ठेवा.

घर घ्यायचंय? मग आधी मॉर्गेज, मग राजीनामा. लिमिटेडवाल्यांकडे बरेच सावकार दोन वर्षांचे हिशेब मागतात. डे रेटवर कर्ज देणारे आहेत, पण ते ब्रोकरला विचारून शोधावे लागतात.

आणि स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर हे सगळं वाचून बाजूला ठेवा. स्पॉन्सरची नोकरी सोडून स्वतःच्या कंपनीतून कॉन्ट्रॅक्टिंग करता येत नाही. आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात पडेपर्यंत नाहीच. जुन्या टिअर-1 जनरल व्हिसावर ती मुभा होती. तिथे व्हिसाच्या अर्जात दाखवलेलं उत्पन्न आणि एचएमआरसीला दाखवलेलं उत्पन्न जुळेना म्हणून गृहखात्यानं अनेकांचे आयएलआरचे अर्ज फेटाळले. त्यातले कितीतरी आपले भारतीय होते. एप्रिल 2019 मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं सांगितलं की माणसाला आधी खुलासा करायची संधी द्या. तोवर काहींची नोकरी गेली होती, काहींचं भाड्याचं घर. रिटर्न अकाउंटंट भरतो, सही आपली असते. त्याच्या प्रती निदान सात-आठ वर्षं जपून ठेवा, व्हिसाच्या अर्जांच्या प्रतींसकट एकाच फायलीत.